जिन्यात काकांना टाळताना

एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून मजकूर थोडक्यात देते. वय छत्तीस, राहणार पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात. त्या एका दवाखान्यात रिसेप्शनला आहेत, पगार १६,००० रुपये. यजमान कंत्राटदारामार्फत एका कारखान्यात होते, त्यांना १९,५०० मिळायचे. तीन महिन्यांपूर्वी तिथली उत्पादनाची लाइन बंद झाली आणि 'कळवतो' म्हणत कंत्राटदाराने सगळ्यांना घरी बसवलं. शेवटच्या महिन्याचा पगारही अडकलाय. घरभाडं १२,००० रुपये. दोन महिन्यांचं थकलंय, ७ तारखेला तिसरं येऊन ठेपलंय. डिपॉझिट ४०,००० दिलेलं आहे. अकरा महिन्यांच्या कराराचे चार महिने उरलेत. मुलगी सहावीत आहे.

घरमालक काका-काकू त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. काका स्वभावाने बरे. आतापर्यंत एकदाच "जमलं की बघा" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ताई कचऱ्याची बादली रात्री साडेनऊनंतरच खाली नेतात, आणि वरून चपलांचा आवाज आला की दाराच्या आत थांबून राहतात. यजमान रोज सकाळी सात वाजता डबा घेऊन बाहेर पडतात, शेजारी विचारतील म्हणून. दिराला, माहेरी, कुणालाच सांगायचं नाही असं त्यांनी बजावलंय. मधल्या काळात मोबाइलवरच्या एका ॲपवरून त्यांनी कर्ज उचललं. मंजूर १५,०००, हातात आले १२,७००, आणि महिन्याभरात फेडायचे १७,०००. त्यातून मुलीची फी आणि किराणा झाला.

आता ताई विचारतात : "माझ्या दोन बांगड्या आहेत. त्या मोडून भाडं भरू, की दुसऱ्या ॲपवरून पैसे उचलू? यांचं म्हणणं, दोन महिन्यांत काम लागेल, तोवर काकांना कळता कामा नये. काकांचे दोन फ्लॅट आहेत, त्यांना काय फरक पडतो?"

ताई,

बांगड्या की ॲप, असं तुम्ही विचारलंत. पण दोन्हीकडून पैसे आणायचे आहेत ते काकांना कळू नये म्हणून. आणि काकांना तर कळलेलंच आहे हो! भाडं आलं नाही हे ज्याच्या खात्यात ते यायचं असतं त्याला सगळ्यांत आधी कळतं. त्यांना माहीत नाही ते एवढंच, की का आलं नाही. कारण ठाऊक नसलं की माणूस ते आपल्या मनाने भरतो. यांचं काही बिनसलंय का, हे गुपचूप घर सोडून जाणार का, कुणी यांना 'भाडं देऊ नका' असं शिकवलंय का. तुमच्या गप्प बसण्यातून काकांपर्यंत हे सगळं पोहोचत असणार.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका खोलीत भाड्याने राहत होते. एक महिना पैसे कमी पडले, तर संध्याकाळी दिवा न लावता बसायचे, म्हणजे मालकीणबाईंना वाटावं की मी आलेच नाही. पाचव्या दिवशी त्यांनी दार वाजवलं आणि म्हणाल्या, "ताप आहे का गं? अंधारात पडून असतेस." मी रडले. त्यांनी भाडं माफबिफ काही केलं नाही, पुढच्या महिन्यात दोन हप्त्यांत घेतलं. पण दिवा लागला.

काकांना काय फरक पडतो, हे यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. दोन फ्लॅट असलेला निवृत्त माणूस पुष्कळदा त्यातल्या एकाच्या भाड्यावर औषधपाणी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि कुठला तरी हप्ता चालवत असतो. कदाचित काकांकडे भरपूर असेलही. ते आपल्याला माहीत नाही. आणि ज्याच्याकडून आपल्याला सवलत हवी आहे त्याच्याबद्दल मनात 'त्याला काय कमी आहे' धरून गेलं, की ते बोलण्यात उतरतं.

आता आकडे. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहायला घ्या, दोघांनी मिळून. तुमचे १६,००० येतात. घरखर्च कितीही आवळला तरी ९,५०० ला खाली जात नाही असं तुम्ही पत्रात लिहिलंय. उरले ६,५००. म्हणजे यजमानांना काम लागेपर्यंत तुम्ही अर्धं भाडं भरू शकता, पूर्ण नाही. हे एकदा कागदावर मान्य करा. बांगड्या मोडून या महिन्याचे १२,००० भरलेत तरी पुढच्या ७ तारखेला तुम्ही याच जागी उभ्या असाल, फक्त हातात बांगड्या नसतील.

दुसरा आकडा डिपॉझिटचा. काकांकडे तुमचे ४०,००० आहेत. थकबाकी २४,०००. या आणि पुढच्या महिन्यात प्रत्येकी ६,००० भरलेत तर आणखी १२,००० थकतील, एकूण ३६,०००. म्हणजे अजून दोन महिने काकांचे पैसे बुडत नाहीत, ते त्यांच्याच हातात आहेत. तुमची मागणी याच्यावर उभी राहते. मात्र तिसऱ्या महिन्यात हा आकडा ४२,००० होतो, ४०,००० च्या पुढे जातो. म्हणून तुमच्याकडे दोन महिने आहेत, अडीच नाहीत. शिवाय दुसरं घर घ्यायची वेळ आली तर तिथलं डिपॉझिट देताना हेच पैसे हाताशी नसतील. रंगकाम, वीजबिल वगैरे कापून घ्यायची काकांची रीत असेल तर तेही यातूनच जाणार. डिपॉझिट खाणं फुकट नाही, फक्त ॲपपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

काकांकडे जाताना दोघं जा. निरोप एजंटमार्फत पाठवू नका. एजंटला नवा भाडेकरू आणला की नवी दलाली मिळते, तेव्हा तुम्हाला ठेवून घेण्यात त्याला रस असेलच असं नाही. वेळ आधी विचारून घ्या, जिन्यात गाठ पडली म्हणून घाईत उरकू नका. नाही तर बोलणं 'सॉरी काका, बघतो काका'वरच संपतं. तिथे गेल्यावर काय झालं, आज किती देतोय, पुढे कोणत्या तारखेला किती देणार आणि नाही जमलं तर काय करणार, इतकं सांगायचं. कंपनीचा इतिहास नको, कंत्राटदाराला शिव्या नकोत. रडू आलं तर येऊ दे, पण आकडा सांगितल्याशिवाय उठू नका.

आणि खाली आल्यावर त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. मी मसुदा देते, तुमच्या भाषेत बदलून घ्या :

"काका, नमस्कार. आज बोललो तसं लिहून ठेवते. यांचं काम तीन महिन्यांपासून बंद आहे, त्यामुळे दोन महिन्यांचं भाडं, २४,००० रुपये, आमच्याकडून राहिलंय. आधी सांगायला हवं होतं, चुकलं. या आणि पुढच्या महिन्यात ७ तारखेला ६,००० नक्की देऊ. बाकीची रक्कम तोवर डिपॉझिटसमोर धरावी ही विनंती. काम लागलं की दर महिन्याला भाड्यावर ३,००० जास्त देऊन बाकी भरून काढू. दोन महिन्यांत काही जमलं नाही तर आपल्याशी बोलून तारीख ठरवून घर सोडू, आपल्याला अडवून ठेवणार नाही."

शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबेल. तरी लिहा. आपलं घर अडकून बसेल, ही घरमालकाची सगळ्यांत मोठी भीती असते. ती तुम्ही होऊन काढून टाकलीत, तर बाकीच्या गोष्टी तो जास्त शांतपणे ऐकतो. ६,००० रोख देऊ नका. खात्यावर पाठवा आणि शेऱ्यात महिन्याचं नाव टाका. काका 'ठीक आहे' म्हणाले तर त्यांना मेसेजवर तेवढंच उत्तर पाठवायला सांगा. हा अविश्वास नव्हे. चार महिन्यांनी काकांचा मुलगा हिशेब बघायला बसला तर तुम्हालाही बरं आणि काकांनाही.

काका 'नाही' म्हणू शकतात, हेही धरून चला. 'पुढच्या महिन्यात घर सोडा' असंही म्हणतील. तसं झालं तर निदान एक महिना आधी तुम्हाला कळलेलं असेल.

आता कायद्याचं, कारण अशी पत्रं मला बरीच येतात आणि प्रत्येकात भीती असते की सकाळी उठून दाराला कुलूप दिसेल. महाराष्ट्रात आपण सगळे 'भाडेकरू' हा एकच शब्द वापरतो, पण कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्यासारखा अकरा महिन्यांचा करार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, राहण्याची परवानगी. जुन्या चाळीतले, पागडीचे भाडेकरू वेगळे. त्या जुन्या भाडेकरूंना १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं मोठं संरक्षण आहे. भाडं थकलं तर मालकाला आधी लेखी मागणी करावी लागते आणि ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरता येते. तुम्हाला ते संरक्षण नाही. तुमच्या बाबतीत करार संपला की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून घराचा ताबा मागू शकतो, आणि मुदत संपूनही घर सोडलं नाही तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून 'बघू, काढू दे बाहेर, कोर्टात वर्षानुवर्षं जातात' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो दुसऱ्याच काळातला, दुसऱ्याच भाडेकरूचा सल्ला आहे.

पण याचा अर्थ मालकाने स्वतः येऊन सामान बाहेर काढायचं किंवा कुलूप लावायचं असाही नाही. त्याला रीतसर जावं लागतं. कुणी जबरदस्तीने घराबाहेर काढायला लागलं तर ११२ वर फोन करा. आज रात्री कपाटातून करार काढून वाचा. भाडं थकल्यावर नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (म्हणजे अमुक काळ घर सोडता येणार नाही अशी अट) आहे का, डिपॉझिट कधी परत, हे त्यात लिहिलेलं असतं. सही करताना आपण फक्त भाडं आणि तारीख बघतो (मीही तेच करते).

करार नोंदवलेला आहे का तेही बघा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. इथे नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदलेला लेखी करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. करारच झालेला नाही म्हणून घाबरून बसलेल्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'देशभर लागू झालेल्या नव्या भाडे नियमां'वर मात्र विसंबू नका. केंद्राने २०२१ मध्ये आणला तो आदर्श कायदा आहे, म्हणजे नमुना. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

वकील परवडणार नाही असं वाटत असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांनाही मिळते. म्हणजे तुम्ही दोघंही त्यात बसता. १५१०० या हेल्पलाइनवर आधी विचारून जा.

सरकार भाडं भरायला पैसे देतं का, असंही काहीजण विचारतात. खाजगी घरात भाड्याने राहणाऱ्या सर्वसाधारण कुटुंबाला दर महिन्याला भाडं देणारी योजना आपल्याकडे नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडं किमान तीन महिने पुढे ढकला आणि त्यापायी कुणाला बाहेर काढू नका असं सांगितलं होतं. तेही ढकलणंच होतं, माफी नव्हती. विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर काही विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. खोलीचं भाडं थकलेल्या मुलामुलींनी कॉलेजच्या कार्यालयात आधी तिथे चौकशी करावी.

तुमच्या घरात मात्र पैसे आहेत, ताई, फक्त दुसऱ्यांच्या ताब्यात आहेत. मला खरं तर याच्यावरच सगळ्यांत जास्त बोलायचंय. यजमानांचा शेवटच्या महिन्याचा पगार हा कंत्राटदाराचा उपकार नाही. काम संपल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा, असं वेतन संहितेत, म्हणजे पगाराबद्दलच्या केंद्राच्या कायद्यात, आहे. कंत्राटदार हात वर करत असेल तर कामगारांचा पगार देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. एकट्याने जाऊ नका. त्या लाइनवरचे दहा-बारा जण असतील, सगळ्यांनी मिळून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. गेट पास, हजेरीचे फोटो, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, जे असेल ते जोडा.

आणि एक गोष्ट आजच यजमानांना विचारा : कुठल्या कागदावर सही केलीय का? 'राजीनामा द्या, मग लगेच हिशेब करतो' असं सांगून सही घेण्याची रीत आहे. ती केली नसेल तर करू नका. कारण पगार २१,००० च्या आत असल्याने त्यांच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, कापली जात असणार. ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. त्यात काम गेलेल्या कामगाराला सरासरी रोजच्या कमाईच्या निम्म्या दराने जास्तीत जास्त ९० दिवस मदत मिळते, आयुष्यात एकदा. मागची दोन वर्षं विमा सुरू असावा लागतो, वर्गणीच्याही काही अटी आहेत, आणि काम गेल्याला ३० दिवस झाल्यावर अर्ज करता येतो. पण स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला ती नाही. सही आणि ही मदत यांचा संबंध इथे आहे. योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलंय, तेव्हा आधार कार्ड, पासबुक आणि विमा क्रमांक घेऊन शाखा कार्यालयात जाऊन सध्याची स्थिती विचारा. १९,५०० च्या निम्म्याने तीन महिने म्हणजे जवळजवळ २९,००० रुपये होतात. तुमची थकबाकी २४,००० आहे.

पीएफ कापला जात असेल तर बेरोजगारीत त्यातला मोठा भाग काढता येतो. तो म्हातारपणाचा पैसा आहे, त्यामुळे मी आधी पगार आणि ईएसआयसीच्या मागे लागेन, पीएफला शेवटी हात लावेन. रेशन कार्ड गावाकडचं असेल आणि प्राधान्य कुटुंबाचं किंवा अंत्योदयचं असेल, तर त्याच्यावर इथल्या दुकानातूनही धान्य घेता येतं, कार्ड बदलायची गरज नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मोफत असतं. रांगेत कुणी ओळखीचं दिसेल म्हणून तुम्ही गेला नसाल, असा माझा अंदाज आहे.

आता ते ॲप. हातात १२,७०० आले आणि महिन्यात १७,००० द्यायचे, म्हणजे वर ४,३००. शेकडा ३४ रुपये, तेही महिन्याला! गावातला सावकारसुद्धा एवढं मागताना इकडेतिकडे बघतो. काकांच्या थकबाकीवर एक पैसा व्याज चढत नाहीये, तुम्ही मात्र ती फेडायला शेकडा ३४ चे पैसे आणायला निघाला आहात. दुसरं ॲप अजिबात नको. पहिल्याचं काय, ते बघा. कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती, ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, आणि एकूण वार्षिक खर्च किती टक्के हे सांगणारं पत्रक तुम्हाला दिलं होतं का? २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने हे सगळं बंधनकारक केलंय. फोनमधले संपर्क आणि फोटो उघडायलाही अशा ॲपना मनाई आहे. धमक्या, नातेवाइकांना फोन, फोटो बदलून पाठवणं सुरू झालं तर १९३० वर सायबर तक्रार करा आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवरही. स्क्रीनशॉट पुसू नका.

मग बांगड्या? मोडू नका, तारण ठेवा, तेही बँकेत. आणि भाड्यासाठी नाही, हे १७,००० फेडून ॲप बंद करण्यासाठी. बँकेच्या सोनेतारणावर एवढ्या रकमेचं महिन्याचं व्याज दीड-दोनशे रुपयांच्या घरात बसेल. अर्धं भाडं भरून तुमच्याकडे उरणाऱ्या ५०० मध्ये ते मावतं. घरखर्चात मात्र मग एक रुपयाही सैल राहत नाही, हे मला दिसतंय. म्हणूनच रेशन आणि ईएसआयसी या आठवड्यातच करा. यजमानांनाही, मनासारखी नोकरी मिळेपर्यंत, हाताला लागेल ते रोजंदारीचं काम धरावं लागेल.

दिराबद्दल यजमान इतके ठाम का आहेत, मला माहीत नाही. घराघरांत जुनी उणीदुणी असतात. पैसे मागूच नका त्यांच्याकडे, हवं तर. पण 'कुठे जागा आहे का बघ' एवढं सांगायलाही बंदी असेल, तर काम लागणार कुठून? कारखान्यातली कामं ओळखीतून कळतात. ज्याचं काम गेलंय हे कुणालाच ठाऊक नाही, त्याला जागा आहे म्हणून कोण सांगायला येईल? लपवण्याची ही किंमत अजून तुमच्या हिशेबात आलेली नाही.

घर सोडण्याचा पर्यायही दोघांनी बोलून ठेवा, उद्यासाठी नव्हे, दोन महिन्यांनंतरसाठी. मुलीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी लगेच हलायला सांगत नाही. पण ३५,५०० च्या घरात १२,००० चं भाडं चालत होतं. नवं काम १४,००० चं लागलं तर तिथल्याच जवळपास ८-९ हजारांचं छोटं घर बघणं शहाणपणाचं ठरेल. करार संपायला चार महिने आहेत, तेव्हा तो विचार त्या तारखेशी जोडा. आणि एक, भाडं वाचवायला तुम्ही आणि मुलगी माहेरी आणि यजमान एकटे खोलीवर, ही वाट मला सध्या नको वाटते. त्याचं कारण पुढे लिहिते.

सात वाजता डबा घेऊन निघालेला तो माणूस दिवसभर कुठे बसतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा तुम्हालाही माहीत नाही. बागेत, स्टेशनवर, कुठल्या तरी मित्राच्या दुकानासमोर. संध्याकाळी रिकामा डबा आणून ओट्यावर ठेवतो, तुम्ही तो घासता, दोघंही काही बोलत नाही. मला भाड्यापेक्षा याची काळजी जास्त वाटते. नीट झोपतात का, जेवतात का, 'माझा काही उपयोग नाही' असं काही बोलतात का, इकडे लक्ष ठेवा. तसं काही जाणवलं तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं, तुम्हीही लावू शकता.

सोमवारी सकाळी डबा भरा, पण बरोबर कागदांची फाइल द्या : गेट पास, बँकेच्या नोंदी, ईएसआयसीचा नंबर. ते ईएसआयसीच्या शाखेत जातील आणि तिथून कामगार कार्यालयात. दुपारी कुठेतरी बसून तो डबा खातील. तुम्ही दवाखान्यातून अर्धा तास लवकर निघा, जिन्यात काका दिसले तर थांबा आणि विचारा, "काका, रविवारी सकाळी दहाला वर येऊ का आम्ही दोघं? भाड्याचं बोलायचंय." ते 'या' म्हणतील. बहुतेक चहाही होईल. आणि रविवारची वाट न बघता, कचऱ्याची बादली आजच उजेडात खाली न्या.